चौघींचा एक नंबर

माझी शाळा तिसरीवर सुटली. अक्षरं जुळवत जुळवत वाचतो, पन आकडे मले चांगले येतेत. आकड्यांवरच पोट चाललं. लग्न होऊन दवनीवाड्याच्या बाजूच्या गावात आली तवापासून बिड्या वळल्या. पंचवीस बिड्या झाल्या का एक कट्टा. मांडीवर सूप घेऊन बसली, शेजारच्या बाईसंग बोलनं चालू असलं, तरी बोटं आपली मोजतच राहत. पावसाळ्यात धानाचा रोवना, मंग कापनी, बाकीचे दिवस बिड्या. तेंदूच्या पानानं आन धानाच्या बांधीतल्या चिखलानं मिळून माझ्या आंगठ्याच्या रेषा घासून टाकल्या. रेशनच्या दुकानात त्या डबीवर आंगठा ठेवला का यंत्र मले ओळखत नाही. दुकानदार म्हनते, "आजी, पुसून ठेव." पुसला. "थोडं तेल लाव." लावलं. कधी दुसऱ्या बोटानं ओळखते, कधी घरी पाठवते. रेषा असतीन तर दिसतीन, यंत्र तरी काय करन.

नवरा गेला तवा लेक चौथीत होता. लेक मोठा केला, लग्न केलं, आन मंग त्याच्या रगतात सिकल निघाला. आमच्याकडे लय घरी आहे हा आजार. हाडं ठनकत, तो रातभर दात खाऊन पडून राहे, सकाळी उठून कामाले जाये. एका उन्हाळ्यात उठला नाही. सून माहेरी गेली, तिचं दुसरं लग्न झालं. मी तिले बोल लावत नाही, तिचं वय होतं. नात माझ्यापाशी राह्यली, पाच वर्साची. बापाचं रगत काढताना तिनं दवाखान्यात पाह्यलं होतं. घरी आल्यावर मले इचारे, "आजी, त्या काचेत पाहून त्यायले कसं समजते?" मी म्हनो, मले काय माहीत व, शिक आन तूच सांग. मी सहज म्हनली होती, तिनं मनावर घेतलं.

बारावी झाली, गोंदियाच्या कॉलेजात बीएस्सीले नाव टाकलं. फारमात मोबाईल नंबर मागितला. तिनं माझा देला.

हे आमच्या वस्तीत सगळ्यायले माहीत आहे. पोट्टीचा नंबर कागदावर लिहाचा नाही. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाते, रिचार्जच्या दुकानात जाते, आन मंग संध्याकाळी अनोळखी पोट्टे फोन करतेत. म्हनून घरातल्या म्हाताऱ्या बाईचा नंबर द्याचा. पोट्ट्यानं फोन केला का म्हातारी अशी बोलते का तो नंबरच खोडून टाकते. माझ्या नंबराचं या बाबतीत मोठं नाव होतं. त्याच साली वस्तीतल्या आनखी दोघी कॉलेजात गेल्या, त्यायनं माझाच नंबर देला. आन चौथी, पाटलिनीची पोट्टी, तिनंही.

पाटलीन म्हनजे जिच्या बांध्यांमंधी मी वीसेक वर्सं रोवना केला. त्यायच्या आज्या-पंज्यांनी गावची बोडी बांधली, अख्ख्या शिवाराले त्याच तलावाचं पानी. मी नवी सून होती तवा तिची सासू मले पानी वरून ओंजळीत ओते. ही तसं करत नाही, पेल्यात देते. पेला मात्र येगळा आहे. कडेले एक पोचा पडला आहे त्याच्या, मी दुरून ओळखतो. तर त्या पाटलिनीनं बांधीत स्वतः येऊन सांगितलं, "बाई, आमच्या पोट्टीले तुझाच नंबर देऊन राहू. आमच्या घरचा दिला तर तिचा बाप बोंबलते."

मी म्हनली, द्या. नंबराले काय शिवाशिव आहे!

पह्यले दोन महिने काही नव्हतं. मंग विद्यापीठाचं सगळंच काम्पुटरवर आलं. निकाल पाहाचा, स्कॉलरशिप, परीक्षेचा फारम, लायब्ररीचं कार्ड, सगळ्याले एकच दार आन त्या दाराले कुलूप. कुलपाची चाबी म्हनजे कोड. हा कोड माझ्या बटनाच्या फोनवर, त्या डबड्यावर ये. सहा आकडे. दहा मिनिटं जीव राहे त्याचा, मंग मरे. पोट्ट्या ऑनलाइनवाल्याच्या दुकानात बसत आन मी कुठेही असो. रोवन्यात असली का फोन पन्नीत गुंडाळून ब्लाऊजात. एकजन बांधीच्या धुऱ्यावरून पळत ये आन ओरडे, "आजी, कोड आला का?" मी बांधीतल्या पान्यात हात धुवो, लुगड्याले पुसो, आन दोन-दोन आकडे जोडून सांगो. एक्कावन, सतरा, अडतीस. पोट्टी तेच घोकत परत पळे.

एकदा पाटलीन धुऱ्यावर उभी होती. म्हनते, "तू रोवना करून रायली का हापिस चालवून रायली?"

मी म्हनली, "हा तुमच्याच पोट्टीचा होता."

तशा दुसऱ्या बाया तोंडाले पदर लावून हासत राह्यल्या.

असं तीन वर्सं चाललं. मले बरं वाटे, खोटं कायले सांगू. ज्या बाईले रेशनचं यंत्र ओळखत नाही तिच्याबिगर चार पोट्ट्यायचं कॉलेज उघडत नव्हतं.

मंग शेवटच्या वर्साचा परीक्षेचा फारम आला. विद्यापीठानं त्या साली नवी पद्धत काढली होती. आधी आपल्या नावानं आत जाता ये, आता नुसता मोबाईल नंबर टाकाचा, कोड टाकाचा, का आपलं पान उघडते. पाटलिनीच्या पोट्टीनं सोमवारी फारम भरला. मंगळवारी माझी नात दुकानात गेली. नंबर टाकला. कोड मीच सांगितला, बोडीच्या पारीवरून, त्या उंच बांधावर टावर चांगला भेटते. घरी आली तर तिचा चेहरा उतरलेला.

"आजी, माझं पान उघडलं नाही. पाटलिनीच्या पोट्टीचं उघडलं. तिचा फोटो, तिचं नाव, तिचा फारम. वरून लिहून आलं का तुमचा फारम भरला आहे."

"तुझा?"

"माझा कुठेच नाही. मी कुठेच नाही त्याच्यात."

तिनं दोनतीनदा आत जाऊन पाह्यलं, मंग बाकीच्या दोघीयनं पाह्यलं. हरेक वेळा पाटलिनीचीच पोट्टी निघे. इतके कोड मागितले का दार बंदच झालं. फारमाची शेवटची तारीख शुक्रवार. फारम नाही तर परीक्षा नाही, आन परीक्षा नाही तर वरीस गेलं. पुढच्या लॅबच्या कोर्साची तिनं सगळी तयारी केली होती. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. भात झाकून ठेवला. मले तिचा बाप आठवला, तोही दुखलं का असाच भिंतीकडे तोंड करून निजे.

बुधवारी ती कॉलेजात जाऊन आली. तिथे विद्यापीठाच्या या कामाची एक खोली आहे, एक मॅडम बसतेत. मॅडमनं सांगितलं, एका नंबरावर एकच पोट्टी राह्यन. बाकीच्यायनं आपापला नंबर आना. आन जुना नंबर सोडवाचा असन तर ज्याचा नंबर आहे त्यानं फोन घेऊन स्वतः या, कारन कोड तिथेच येइन.

"म्हनजे मले याचं आहे."

"हो."

"आन तुले नवा नंबर."

ती माझ्याकडे पाहत राह्यली.

मी म्हनली, "नंबर माझा आहे, तू माझी नात आहे. माझा नंबर तुझ्या नावावर राह्यन. बाकीच्यायनं पाहून घ्यावं."

आता हे सांगाले पाह्यजे का मी अशी का बोलली. लय वर्साआधी वस्तीतल्या एका पोट्टीले असाच एक पोट्टा फोन करे. तिचा काही दोष नव्हता. नंबर त्याले दुकानातून भेटला. पन बोंब झाली. आठ दिवसात तिची शाळा बंद, महिन्यात लगन. हे वस्तीच्या ज्या बैठकीत ठरलं तिच्यात मीही बसली होती. मले इचारलं तवा मी म्हनली, करून टाका, नाव खराब झाल्यावर कोन करन? दहावीत होती ती. नवऱ्याचं जमलं नाही, परत आली. आता ती माझ्याच बाजूले बसून बिड्या वळते. चांगली बाई आहे, माझ्यावर राग नाही धरत. मी मात्र विसरली नाही. त्यानंतर मी ठरवलं का माझ्या घरच्या पोट्टीच्या हातात फोन नाही म्हनजे नाही.

त्या बुधवारी सूप घेऊन बसली तर तिनंच इचारलं, "आजी, काय झालं, तुमचा कट्टा वीसचाच झाला."

मोजून पाह्यलं. खरंच, वीसच होत्या. मी तिले सगळं सांगितलं. तिनं पान कापता कापता ऐकलं. मंग म्हनते, "तिच्या हातात देऊन टाका फोन. माझ्या हातात असता तर त्या पोट्ट्याले मीच शिव्या घातल्या असत्या. फोन माझ्या बापाच्या हातात होता, म्हनून शिव्या मले बसल्या."

मी सूत दातानं तोडलं आन पुढची बिडी घेतली.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघाली. चौघीजनी आन मी. पाटलिनीची पोट्टी स्टॅन्डवर सगळ्यात शेवटी आली, आईले सांगून आली का प्रॅक्टिकल आहे. गाडीत त्यायच्या गोष्टी चालू. एकजन म्हनते, "आजीले विद्यापीठानं डिग्रीच द्याले पाह्यजे, तीन वर्सं हजेरी आहे." दुसरी म्हनते, "चार डिग्र्या!" माझी नात खिडकीबाहेर पाहत होती. मुर्री गेलं, गोंदिया आलं.

त्या खोलीत तीन काम्पुटर, एक पंखा, आन मॅडम. तरनी होती, चष्मा लावलेली. गोंदियात अर्धं हिंदीच चालते, तीही तशीच बोले.

"अम्मा, आप किसके साथ आए हो?"

"मी कोनासंग नाही आली. ह्या माझ्यासंग आल्या."

"अच्छा. ये नंबर किसका है?"

"माझा."

"और स्टुडंट कौन है इसमें?"

"चारही."

मॅडमनं चष्मा वर केला. "सिस्टीम को लगता है ये एकही स्टुडंट है. चार नाम वाली."

मी म्हनली, "सिस्टीमचं काय चुकलं, माय? कोड तर एकच बाई सांगत होती."

मॅडम हासली. मंग मराठीत आली. पोट्ट्यायकडे पाहून म्हनते, "अव, पन सगळ्यायनं आजीचाच नंबर काऊन दिला?"

एकीनं सांगितलं, आमच्याकडे पोट्टीचा नंबर देत नाही. मॅडम "आमच्याकडेही असंच होतं," येवढंच म्हनली आन कामाले लागली.

दोघीयचं पटकन झालं. एकीनं बापाचा फोन मागून आनला होता, एकीनं भावाचा. पन कोड आधी माझ्या फोनवर याले पाह्यजे, आन त्या खोलीत माझ्या डबड्याले टावरच नाही. मी बाहेर गेली. सायकल ठेवाच्या जागी निंबाचं झाड आहे, तिथे दोन दांड्या आल्या. कोड आला. मी सवयीनं ओरडली, "चव्वेचाळीस! झिरो सात!"

मॅडम खिडकीत आली. "अम्मा! कोड चिल्लाके नहीं बोलते! कोणाले सांगाचा नसते तो!"

"तीन वर्सं बांधीतून ओरडत आली, माय. ऐकाले बगळेच होते."

"इथे बगळे नाहीत. इथे पोट्टे आहेत."

खरंच, सायकलींपाशी पाचसहा पोट्टे माझ्याकडे पाहून रायले होते. मंग मी नातीच्या हातातला पेन घेतला आन ज्या पोट्टीचा कोड तिच्या तळहातावर लिहून देला. मूठ मिटून ती पायऱ्या चढे, आत मूठ उघडे. धानाचे परे रोवताना रोपायची पेंडी हातोहात जाते तसे आमचे आकडे आत चालले.

मंग राह्यल्या दोघी. माझी नात आन पाटलिनीची पोट्टी.

मॅडम म्हनते, "नंबर सध्या हिच्या खात्यावर बसला आहे," पाटलिनीच्या पोट्टीवर बोट दाखवून. "शेवटचा फारम हिनं भरला म्हनून. आता दोघीतल्या एकीले राहील. दुसरीले नवा नंबर पाह्यजे, आजच. उद्या पाच वाजता फारम बंद."

मी म्हनली, "माझ्या नातीले राहू दे."

"होईल. पन मंग हिचं खातं उघडं राहील, नंबराबिगर. नवा नंबर लागेपर्यंत हॉलतिकिट नाही निघनार."

पाटलिनीच्या पोट्टीनं मान खाली घातली. म्हनते, "माझी आई फोन घेऊन देनार नाही. मी इचारलं होतं." मंग हळूच, "आजी, तुमचा नंबर आहे. तुम्ही घ्या."

मले वाटलं, आता बोलून मोकळी व्हावं. हो म्हनावं. नंबर माझाच होता ना. पोचा पडलेला पेलाही मले तवाच आठवला, हे मी लपवत नाही.

नात म्हनली, "नको."

तिनं वहीचं कव्हर उघडलं. आत कागदाचं एक चपटं पाकिट. सिमचं पाकिट.

"हे कधी घेतलं?"

"दोन महिने झाले. माझ्या आधारवर."

"कोनत्या फोनात घातलं?"

"कोनत्याच नाही. तुले इचारल्याबिगर कशी घालू?"

मी उठून बाहेर वरांड्यात गेली. ती मांगं आली. माझा राग डोक्यात गेला होता. दोन महिने वहीत ठेवलं होतं! मनात असतं तर कोनाच्याही फोनात घातलं असतं, मले कळलंही नसतं.

ती म्हनली, "आजी, मी कोन आहे हे सांगाले मले रोज तुझ्यापाशी पळत या लागते. तू बांधीत असली का माझं नाव तुझ्या ब्लाऊजात. मी एकवीस वर्साची होऊन रायली."

"कोनी फोन केला तर?"

"तू काय म्हनते त्यायले?"

"मी म्हनतो, तुझ्या मायले दे फोन."

"मी पन तेच म्हनन."

मले ती बिडीवाली आठवली. दहावीतली, दोन येन्या घातलेली. बैठकीत तिच्याकडे कोनी पाह्यलंच नव्हतं, मीही नाही. तिले कोनी इचारलंही नाही का तुले काय म्हनाचं आहे. आन इथे माझी नात माझ्यासमोर उभी राहून सांगत होती काय पाह्यजे ते.

मी पन्नीतून फोन काढला. पाठ नखानं उघडली. माझ्या डबड्यात दोन सिमच्या जागा आहेत, घेतला तवा दुकानदारानं सांगितलं होतं. एक कायमची रिकामी. मी म्हनली, "आन ते. फोन नंतर पाहू. आज इथेच बसव."

सिम मीच बसवलं. बिड्या वळलेल्या बोटायले येवढं जमते.

आत जाऊन मॅडमले सांगितलं, माझा नंबर पाटलिनीच्या पोट्टीवरच राहू द्या, माझ्या नातीचा नवा घ्या. मॅडमनं सांगितलं, दोन कोड येतीन. पह्यला जुन्या नंबरावर, तो टाकला का नात मोकळी. दुसरा नव्यावर, तो टाकला का तिचं दार तिच्या नावावर.

आम्ही निंबाखाली. डबडं चालू व्हाले येळ लावते, तारीखही इचारते. पह्यला कोड आला. तळहातावर लिहिला, ती पळाली, परत आली. मंग दुसऱ्याची वाट. तो काही ये ना. मी फोन वर धरला, झाडाच्या इकडून, तिकडून. नात म्हनते, सिम इतके दिवस पडून होतं, बंद तर नसन झालं? मी म्हनली, गप. पाच मिनिटं गेली. सायकलीवाल्या पोट्ट्यातला एक म्हनते, "आजी, गेटापाशी जा, तिथे टावर फुल भेटते." मी त्याच्याकडे असं पाह्यलं का तो मांगं सरला, पन गेटापाशी गेली. आन फोन वाजला. तिच्या नंबराचा पह्यला आवाज माझ्या हातात वाजला.

आकडे मी वाचले नाही. फोनच तिच्या हातात देला. म्हनली, "तुझा आहे, तूच वाच."

ती पायऱ्या चढून गेली. मी हळूहळू गेली. आत गेली तवर मॅडमनं काम्पुटर वळवून ठेवला होता. त्याच्यावर माझी नात होती. पह्यल्या वर्साचा फोटो, केसायले तेल चोपडलेलं, कान दिसून रायले. नाव पूर्न. बापाचं नाव मधात. मी जुळवत जुळवत ते वाचलं. लेकाचं नाव लय दिवसांनी कुठे लिहिलेलं पाह्यलं मी.

फारम तिथेच भरला. मॅडमनं कागद काढून देला आन मले म्हनली, "अम्मा, आता तुमच्याकडे एकच राह्यली."

पाटलिनीच्या पोट्टीनं माझे पाय धराले हात लावले. मी मांगं सरली. "कायले व? कोड लागला का ये. चप्पल घालून येत जा, धुऱ्यावर काटे आहेत."

गावच्या स्टॅन्डवर उतरली तर पाटलीन उभी. तिले कोनीतरी सांगितलंच होतं का प्रॅक्टिकल नव्हतं. पोट्टीले काही बोलली नाही, मले म्हनते, "काय झालं व?"

सगळं सांगितलं. नंबर तुमच्या पोट्टीवरच ठेवला हेही सांगितलं.

पाटलीन मंग म्हनते, "आन तुझ्या नातीचं?"

"तिचा तिनं घेतला."

"तू घेऊ देला?"

"देला."

पाटलीन माझ्या नातीकडे पाहत राह्यली. नात तिच्या पोट्टीले काहीतरी सांगून हासत होती.

त्यानंतर नातीनं एक जुना फोन घेतला, काच तडकलेला, बचत गटातल्या बाईचा. सिम माझ्या डबड्यातून काढून त्याच्यात घातलं. ती जागा आता परत रिकामी आहे. पह्यले आठ दिवस मी रोज तिच्या फोनकडे पाहो, वाजला का कान टवकारो. एकदा खरंच एकानं फोन केला. नात म्हनली, "तुझ्या मायले दे." मी आतून ऐकलं. पोळी तव्यावर होती, ती जळली.

हॉलतिकिट निघालं, परीक्षा झाली. पाटलिनीची पोट्टी चप्पल घालून येत राह्यली, कोड घेत राह्यली. निकालाच्या दिवशी ती आली नाही, पाटलीन स्वतः आली. माझ्या आंगनात, दुपारच्या उन्हात. इतक्या वर्सात पह्यल्यांदा. घाम पुसत म्हनते, "पोट्टीले बरं नाही. कोड आला का?"

मी सांगितला. तिनं आपल्या फोनवरून घरच्या फोनवर पोट्टीले सांगितला. मंग तिथेच बाजेवर बसली, पोट्टीचा परत फोन येइपर्यंत. पानी मागितलं. आमच्या घरी पेले एकाच मेळाचे आहेत, त्यातलाच एक देला. ती प्याली. पोट्टी पास झाल्याचं कळलं तसं तिनं उरलेलं पानी एका दमात पेलं आन मले इचारलं, "तुझ्या नातीनं ते सिम कोनत्या दुकानातून घेतलं? आधार पुरते का त्याले, का बापाची सही लागते?"

"आधार पुरते," मी म्हनली. "बाप नाही लागत."

नातही पास झाली. आता ती लॅबच्या कोर्साले गेली, गोंदियापाशी फुलचूरले एका खोलीत तिघीजनी राहतेत. नाव टाकाले मी संग गेली होती. फारम भरनाऱ्यानं नंबर इचारला, तिनं आपला सांगितला, एक आकडा न अडखळता. मंग त्यानं इचारलं, घरचा आनखी एखादा नंबर? लागलाच तर?

तिनं माझा सांगितला.

मी बाकड्यावर बसली होती. त्यानं तो लिहिला, माझ्याकडे पाह्यलं, "आजी, हा चालू राहते ना?"

"राहते," मी म्हनली. "बोडीच्या पारीवर फुल राहते."